बाकी

मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीवर,
माळ्यावरच्या जुन्या वह्या रद्दीत जायच्या होत्या.
शेठ म्हणाले, मॅडम, एकदा चाळून घ्या,
कुणाकडची येणी राहिली असतील तर.

येणी नव्हती.
एका किर्दीच्या मागच्या पानांवर
पोती नाहीत, दर नाही, कडता नाही, तोलाई नाही,
नुसते आकडे.
वर, दोनदा गिरवलेले,
७३९३९
आणि त्याच्यापुढं पुराचं पाणी.
निळी शाई फुगून पानाच्या कडेपर्यंत गेलेली.

मी विलिंग्डनची बीएस्सी. हात शिवशिवले.
जेवणाच्या सुट्टीत पावतीच्या पाठीवर
तीननं भागलं, सातनं, अकरानं, तेरानं,
दोनशे एकाहत्तरपर्यंत गेले,
डब्यातली भाकरी वाळली.
दर वेळी काहीतरी उरलंच.
अविभाज्य.

आमच्याकडं हे नवलच.
इथं आलेल्या प्रत्येक आकड्याचे भाग पडतात,
शेकड्यामागं अडत, पोत्यामागं हमाली,
संध्याकाळी नऊ जणांच्या टोळीत रोख वाटणी,
आणि जे वाटूनही वाटलं जात नाही
त्याचा चहा.

पण मग पुढची चाळीस पानं कशाला?
तीन रकाने: भाजक, भागाकार, बाकी.
हजारावर ओळी, एकाच हाताच्या,
मधूनच हळदीचं पिवळं बोट.
शेवटची ओळ
८५९७, ८६००, ४९३३.
पाच आकडी संख्येला आठ हजारांनी कोण भागत बसेल,
आणि भागाकार तेवढाच कसा येईल?

चौथीत बाई ताळा करायला लावायच्या:
भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी.
केला.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.

म्हणजे पाण्यानं तीन आकडे खाल्ले होते
आणि उरलेल्याचं काहीच बिघडलं नव्हतं.

मग मी उजवीकडून बोटानं झाकत गेले,
एकेक आकडा, फोनवर तपासत:
त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा,
सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्याण्णव,
त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस, तो पानावरचा,
सात हजार तीनशे त्र्याण्णव,
सातशे एकोणचाळीस,
त्र्याहत्तर,
सात.
एकही फुटेना.
दर खेपेला नाव नवं, हाड तेच.

अक्षर कुणाचं, ते जुन्या तोलाऱ्यानं सांगितलं:
बाबगोंडा मगदूम, बत्तीस वर्षं दिवाणजी,
आता हरिपुरात.

रविवारी गेले. बंद पडलेल्या पेवाच्या
तोंडावरच्या फरशीवर बसले होते, पाय सोडून,
खाली वीस फूट अंधार, वर ऊन.
वही दाखवली. डाग पाहिला. हसले.
किती आकडं गेलं?
तीन.
मग ठीक हाय की. आनखी चार गेलं असतं तरी चाललं असतं.

मी विचारलं, आणि वाढवला असता तर?
म्हणाले, बघितलं की. एक लावला, तीननं फुटला.
सात लावला, परत तीननंच.
तीन आन् नऊ, ह्या दोघांनी मात्र दमवलं,
लय लांब नेलं, दिवाळी गेली त्यात.
पण फुटलंच शेवटी.
बाकीचं काय, सम आन् पाच, ते दारातनंच परत.

हे सगळं कशासाठी, ते विचारायचं राहिलं.
त्यांच्या सुनेनं भडंग आणला, कांदा कापून,
त्यांनी कागदावर माझी एक चूक दाखवली,
हातचा एक विसरले होते.

निघताना वही त्यांच्याकडंच ठेवली.
फाटकापर्यंत आले, चप्पल न घालता,
आणि सगळे विचारतात तसंच विचारलं,
बरं, बाकी काय?

म्हटलं, चार हजार नऊशे तेहेतीस.